एका साच्यातले चार ज्वालामुखी

भूगोलाच्या बाई नसत्या तर मी त्याच दिवाळीत सावंतवाडीला तोंड लपवून परत गेलो असतो. म्हणून आधी त्यांचं सांगितलं. झालं ते आता सांगतो.

नागपुरात मला आणलं मामेभावानं. सातवीतच शाळा सुटलेली, घर इतकं लांब, इथं दादाशिवाय माझं कुणी नव्हतं. चितारओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, आम्ही दोघं एकाच कारखान्यात मूर्ती करायचो. नवरात्रानंतर देवी शिरवून झाल्या, म्हणजे विसर्जन उरकलं, की काम ओसरायचं आणि मालक बाहेरचा एकच कारागीर ठेवून घ्यायचे. त्या वर्षी एका शाळेला ज्वालामुखीचे नमुने हवे होते. मालक म्हणाले, "दोघंही करा. बाईंना ज्याचे पसंत पडतील, तो राहील."

बाई समजावून सांगायला आल्या, तेव्हा मी माती आणायला गेलो होतो. परतल्यावर दादाला विचारलं.

"चार होये," तो म्हणाला. "पण सगळे सारखेच असतत रे. रंग बदल, झालां!"

मला ते पटलं. देवसुद्धा आम्ही तसेच करायचो, साचा एक आणि रंग वेगळे. मी टोकदार डोंगराचा साचा केला, चार डोंगर काढले, लाल, काळा, तपकिरी, राखाडी रंगवले. दादा मागं गोणपाट टांगून काम करायचा. धूळ बसू नये म्हणून असेल, असं मला वाटलं.

बाई आल्या, बघून हसल्या. "काहून गा बाबू, एकाच डोंगराले चार सदरे शिवले का तू?"

सगळा कारखाना हसला. दादानं गोणपाट सारलं. त्याचे चारही वेगळे होते.

बाईंचं हसू गेलं. "मी तर तुह्या भावाले सारं सांगून गेली होती. तुले नाही सांगतलं त्यानं?"

दादा ब्रश धूत राहिला. त्यानं वर बघितलं असतं, शिवी दिली असती, तरी चाललं असतं मला. मालकांनी त्याला ठेवलं. मी वळकटी बांधायला लागलो. गाठ बसेना.

"थांब," बाई म्हणाल्या आणि घमेल्यापाशी बसल्या. खोल जमिनीत खडक वितळतो, आजूबाजूच्या खडकाहून हलका होतो, म्हणून वर चढतो, असं त्यांनी सांगितलं. मग पातळ प्लॅस्टर फळीवर ओतलं. ते पसरत गेलं. "हा ढालीसारखा." घट्ट प्लॅस्टर आणि राख थरावर थर चढवून उंच डोंगर केला. नुसत्या खडीचा छोटा ढीग केला. शेवटी फळीला चीर होती, तिच्यातून खालून प्लॅस्टर दाबलं. "आन् हा आपला. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड असाच भेगेतून आला. शिखर नाही, काही नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शाळेत नेलं, शाळेचे बाकीचे नमुने करायच्या कामाला लावून घेतलं. खोली मिळेपर्यंत राहिलो, जेवलो त्यांच्याच घरी. दादाच्या खोलीवर मी पुन्हा गेलो नाही. अजूनही कुणी "सांगतो ना तुला" म्हटलं की मी आणखी कुणाला तरी विचारून घेतो.

बाई आता पारशिवनीला असतात. डोळ्यांनी फार कमी दिसतं. बोटांनी चाचपून कळतील असे नमुने मी एक दिवस त्यांना करून देईन, आणि स्वतः घेऊन जाईन.