लिंबापुढे थांबलेली मोटार

विघ्नहर्त्या गजाननास वंदन करून दसऱ्याच्या एका वाहनपूजेची हकीकत सांगतो.

चौक गावचे आमचे एक शेजारी जन्मभर घाटातून ट्रक चालवीत. दृष्टी मंदावली आणि ट्रक सुटला. पुढे जावयाने दुबईहून रिमोटवर चालणारी वीतभर मोटार पाठवली. पण पूजेवाचून तिचे चाक फिरवायला ते तयार होईनात.

दसऱ्याला मी मंत्र म्हटले आणि त्यांनी चाकापुढे लिंबू ठेवले. कळ दाबली, मोटार लिंबाला धडकून नुसती घरघरत राहिली.

त्यांची पत्नी म्हणाली, "अवो, गाडीपरीस लिंबूच मोठं हाय!"

ते हसले नाहीत. "लिंबू चिरडल्याबिगर गाडी हाकली नाय कधी, गुरुजी. ऱ्हाऊ द्या." त्यांनी रिमोट खाली ठेवला.

पूजेत जो उपचार उणा पडतो, त्याच्या जागी अक्षता वाहतात. मी लिंबू उचलून प्रत्येक चाकापुढे तांदळाचा एकेक दाणा ठेवला.

"चालंल?"

"देवाला चालते."

त्यांनी रिमोट उचलून कळ दाबली आणि मोटार अक्षतांवरून सुटली. मोटार समोरून आपल्याकडे येताना रिमोटचे डावे-उजवे उलटते, म्हणून ते वाकून तिच्या मागोमाग धावले, तोंडाने हॉर्न देत. "सरक गं, गाडी येतीय!" पत्नीने पदर सावरून वाट दिली.

वाचकहो, तुमच्या घरादाराच्या वाटेतले प्रत्येक लिंबू अक्षतेएवढे होवो.