रद्द केलेला ट्रंक कॉल

चौसष्ट साली सिकंदर मुजावर कॉलेजच्या फुटबॉल संघातून लेफ्ट आऊटला खेळायचा, तेव्हा स्टेडियमच्या पायऱ्यांवरची माणसं त्याच्या नावानं ओरडून घसा बसवून घ्यायची. मागं गोलात उभा असायचा कोडोलीचा बाळाप्पा. दोघांची खोली एक, डबा एक. एका साली तर बुटांचा जोडही एकच होता. सरावाला पाळीपाळीनं घालायचे.

खेळाच्या जोरावर सिकंदरला एका सहकारी बँकेत नोकरी लागली. बँकेला संघासाठी गडी हवा होता, पण हा आकड्यांतही तरबेज निघाला. सत्त्याहत्तरच्या सुमारास मोठ्या परदेशी कंपन्या लोकांना शेअर द्यायला लागल्या. सिकंदरनं हिंमत करून फॉर्म भरले आणि वर्षात पैसे दुप्पट झाले. मग त्यानं नोकरी सोडली आणि राजारामपुरीत एका दवाखान्याच्या जिन्याखाली टेबल टाकलं. येणाऱ्यांना शेअर म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण सिकंदर कोण ते पक्कं ठाऊक होतं.

"आपला लेफ्ट आऊट हाय की! तो फसवतोय व्हय?"

ऐंशी साली बाळाप्पा आठ हजार रुपये घेऊन आला. कोडोलीच्या स्टँडजवळची वडिलांची जागा विकली होती. त्याला राजारामपुरीत खेळाच्या सामानाचं दुकान काढायचं होतं.

"आठात दुकान हुत न्हाय, गड्या," सिकंदर म्हणाला. "दोन वर्सं थांब. पंधरा करून देतो."

पैसे दख्खन पिगमेंट्स नावाच्या रंगाच्या कंपनीत गेले. बाळाप्पानं कागद वाचलासुद्धा नाही. त्याचं बघून कोडोलीतल्या आणखी तीसेक जणांनी त्यातच पैसे घातले. भाव चढत होता. बाळाप्पा येता-जाता रिकामे गाळे बघून ठेवायचा.

ब्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर सिकंदर कामासाठी मुंबईला गेला. दलालाच्या कचेरीतल्या जुन्या कारकुनानं त्याला बाजूला घेतलं.

"मुजावर, दख्खनचे आजच काढा. कारखान्यात दोन महिने पगार नाही. आठवडाभरात सगळीकडं बोभाटा होईल."

सिकंदरचे स्वतःचे शेअर पिशवीतच होते. दुपारपर्यंत ते अडतीसच्या भावानं विकले गेले. तिथून तो तडक तारघरात गेला आणि बाळाप्पाच्या नावानं कोडोलीच्या पोस्टात ट्रंक कॉल लावायला सांगितला. मग बाकावर बसून राहिला, आणि तिथंच त्याचं मन फिरलं. बाळाप्पाच्या पोटात काही राहायचं नाही. त्याला कळलं की गावाला कळणार. तीस माणसं एकदम विकायला धावली की भाव गडगडणार. आपला व्यवहार अजून कागदावरच, पैसे हाती यायचेत, तो अडकला तर? चार दिवसांनी सांगू. तो उठला आणि खिडकीवर जाऊन कॉल रद्द करून आला.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर त्यानं बायकोला, खैरुनबीला, सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "बाळाप्पाभाऊंना कळवलासा न्हवं?"

"व्हय," सिकंदर म्हणाला.

चौथ्या दिवशी भाव अकरावर आला. दिवाळीनंतर कारखान्याला टाळं लागलं. कोडोलीची माणसं जिन्याखाली जमली, शिव्या झाल्या. एकानं टेबल उलथलं. बाळाप्पा पुढं झाला आणि सगळ्यांना म्हणाला, "त्येला तरी काय ठावं हुतं? चला घरला." सिकंदर खाली मान घालून कागद गोळा करत राहिला.

दुकान झालं नाही. बाळाप्पा मेव्हण्याच्या धान्याच्या दुकानात पोती उतरून घ्यायला लागला.

चार वर्षं सिकंदरनं कळ काढली. शहाऐंशी साली आठ हजार रुपये रुमालात बांधून तो कोडोलीला गेला. बाळाप्पा ज्वारी मापत होता. सिकंदरनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाळाप्पानं माप पूर्ण केलं, गिऱ्हाईक वाटेला लावलं, मग बोलला.

"मला ठावं हाय. पोस्टातनं माणूस आलता बोलवाय, मुंबईचा कॉल हाय म्हणून. मी तसाच पळत गेलतो. तर म्हणाले, रद्द झाला. मुंबईत तुझ्याबिगर माझं कोण हाय? म्हटलं, पुन्हा लावंल. पोस्ट बंद हुईस्तवर बसलो."

"मग त्या दिवशी सगळ्यांम्होरं माझी बाजू का घेतलीस?"

"वाटलं, तू सांगशील."

सिकंदर पाया पडायला वाकला, तर बाळाप्पानं त्याला दंडाला धरून उभं केलं. "पैसं घरात शिवगंगाकडं दे. चहा घेऊन जा." आणि तो पुढचं पोतं सोडायला लागला. शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तर सिकंदरला बरं वाटलं असतं.

बाळाप्पाच्या बायकोनं, शिवगंगानं, पैसे मोजून घेतले. त्या पैशांत आता दुकानाचं नावही काढण्यासारखं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

पुढं सिकंदरनं शेअरचं काम सोडलं आणि पोस्टाच्या बचतीची एजन्सी घेतली. बाळाप्पा त्याच्या मुलीच्या लग्नाला आला, पंगतीला बसला, आहेर केला. मिळेल त्या एसटीनं परत गेला. मुक्कामाला राहा म्हणायचं धाडस सिकंदरला झालं नाही.

कोडोलीहून परतला त्याच दिवशी त्यानं खैरुनबीलाही खरं सांगितलं होतं. ती भाजी निवडत होती. 

"मी इचारलं तवाच खरं सांगायचं हुतं," ती म्हणाली. "दोन दिस हातात हुतं. मी एसटीनं जाऊन सांगून आली असती."