ज्याचा असिस्ट त्याच्या नावावर

शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके धुंडाळले तरी माझ्या साडूंइतका निःपक्षपाती माणूस सापडला नसता, आणि त्या गुणापायी इतका एकटा पडलेला माणूसही सापडला नसता. ते गेले त्याला आता वर्ष होत आलं. शेणव्याच्या शाळेत ते पी.टी. शिकवायचे. उंचीनं बेताचे, आवाजानं मात्र असे की त्यांची प्रार्थना सुरू झाली की रस्त्यापलीकडच्या हॉटेलातला माणूसही चहाचा कप खाली ठेवून उभा राहायचा. नव्वदच्या दशकात कधीतरी, शिक्षकांच्या एका शिबिराच्या निमित्तानं, त्यांना मुंबईत एक आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल सामना बघायला मिळाला. एकीकडे आपला देश होता. दुसरीकडचा कोणता हे त्यांनी मला कधी धड सांगितलं नाही, कारण सामन्यापेक्षा त्यांना सामना संपल्यावर वाटलेला कागद जास्त आवडला. त्यावर दोन्ही संघांतल्या प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्यानं काय काय केलं ते मांडलेलं होतं. गुण किती, रिंगवरून उडालेले चेंडू किती झेलले, हातचे घालवलेले, म्हणजे टर्नओव्हर किती, फाऊल किती. तो कागद लॅमिनेट होऊन त्यांच्या ओटीवर देवाच्या तसबिरीशेजारी लागला. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "मग जिंकलं कोण?" साडू त्रासून म्हणायचे, "ते आहे त्यात खाली कुठंतरी." आपण सपाटून हरलो होतो हे मला फार उशिरा कळलं.

त्या कागदावर त्यांचा सर्वात जीव होता तो असिस्टच्या रकान्यावर. "चेंडू जाळीत कुणी टाकला ते आंधळ्यालाही कळतं," ते मला समजावायचे, "पण टाकणाऱ्याच्या हातात तो आयता आणून दिला कुणी? त्याचं नाव नको लिहायला?" आपल्या संघातल्या एका खेळाडूच्या नावापुढे गुणांच्या जागी शून्य होतं आणि असिस्ट मात्र भरपूर होते. त्याच्याबद्दल साडू असे बोलायचे, जसं काही त्याच्या बारशाचं जेवून आले आहेत. पुढे ही नजर त्यांनी सगळीकडेच लावली. लग्नाहून परतताना जीपमध्ये त्यांचा हिशेब सुरू व्हायचा: नवरीच्या मामाचे असिस्ट, जिलेबी कमी पाडणाऱ्या आचाऱ्याचा टर्नओव्हर, रुसून बसलेल्या आत्याचे फाऊल. आमच्याकडे एकदा जेवताना त्यांनी आमटीचा भुरका मारला आणि शांतपणे म्हणाले, "मिठाचा फाऊल." माझी बायको, म्हणजे त्यांची मेव्हणी, तिनं त्यांच्यापुढचं ताट उचललं आणि म्हणाली, "भावोजी, तुमी जरा बाकावर बसा. आधी खेळणाऱ्यांना जेवू दे." साडूंनी हा तिचा स्टील, म्हणजे समोरच्याच्या हातून हिसकावलेला चेंडू, म्हणून मोजला आणि हसत हसत बाकावर जाऊन बसले.

त्यांच्या शाळेला सरकारी योजनेतून बास्केटबॉलचे दोन खांब मंजूर झाले होते. आला एकच. दुसरा कुठल्या कचेरीच्या आवारात पडून राहिला कोण जाणे. साडूंनी एका रिंगवर मुली तयार केल्या. चेंडू कुणाच्याही हातात येवो, टाकायचा त्याच रिंगमध्ये, एवढंच त्या पोरींना माहीत. मग शहापूरला तालुक्याच्या स्पर्धेत त्या पहिल्यांदा दोन रिंगच्या मैदानावर उतरल्या आणि जी रिंग जवळ दिसेल तिच्यात चेंडू टाकत सुटल्या. निम्मे गुण समोरच्या संघाच्या खात्यात गेले. पंच हसून हसून बेजार झाले. साडू मात्र प्रत्येकीचे गुण मन लावून टिपत होते. "टाकला ना जाळीत? मग तिच्या नावावर," ते म्हणाले. "रिंग कुणाची, ते आयोजकांनी बघावं."

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पण आमच्या भागात माणूस गेला की दहाव्याला नदीवर माईक लागतो आणि श्रद्धांजलीची भाषणं होतात. गेलेला माणूस कसाही असो, त्या माईकवरून तो देवमाणूस होऊनच जातो. साडूंचे वडील त्यांच्या मूळ गावी, वैशाखऱ्याला वारले, तेव्हा दहाव्याला साडूंनी माईक घेतला. वडिलांबद्दल चांगलं बोलले, आणि मग थोरल्या भावाकडे वळले. "दादानं शेती सांभाळली, म्हाताऱ्याचं हागणंमुतणं काढलं. ते त्याच्या नावावर. पण म्हाताऱ्याला कल्याणच्या दवाखान्यात न्यायला उशीर केला. तेही त्याच्याच नावावर." दादा उठले, लोकांकडे बघून म्हणाले, "आजपासून ह्यो माझा कोण नाय," आणि ओल्या धोतरानं घराकडे चालू लागले. परतीच्या एस.टी.त साडूंनी मला विचारलं, "मी एक अक्षर तरी खोटं बोललो का?" मी म्हणालो, "नाही." "मग?" त्यांनी मुरबाड येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा विचारलं.

दोघा भावांचं येणंजाणं थांबलं ते थांबलंच. शेणवा आणि वैशाखरे यांच्यात अंतर ते किती, पण लग्नंकार्यं झाली, पोरं मोठी झाली, साडू त्या उंबऱ्यावर गेले नाहीत. आणि मग एका पावसाळ्याअखेर दादाच गेले. साडूंच्या पुतण्याचा मला फोन आला. "काकांना दहाव्याला घेऊन या. आई म्हणते येऊ दे. पण त्यांना माईकपासून लांब बसवा. ह्या वेळी काय बोलले ना, तर आमचं घर कायमचं तुटंल." मी साडूंना घेऊन गेलो. नदीच्या घाटावर एका पुढाऱ्यानं, ज्यानं दादांना बहुधा कधी पाहिलंही नव्हतं, त्यांना तालुक्याचा आधारवड केलं. सूत्रसंचालक आमच्याकडे न बघता पुढचं नाव घेणार, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून वहिनींचा, म्हणजे दादांच्या बायकोचा, आवाज आला. "भावोजींना बोलू दे."

पुतण्यानं डोळे मिटून घेतले. साडू माईकपाशी गेले. मग म्हणाले, "दादाचं मला कायच सांगता येणार नाय. इतकी वर्षं तो खेळत होता आणि मी बघायला नव्हतो. जो बघायला नसतो त्यानं गुणांचं पत्रक भरू नये." एवढंच बोलून ते आले आणि माझ्याशेजारी गोणपाटावर बसले.

जेवणं झाल्यावर वहिनींनी त्यांना पडवीत बसवून घेतलं. "मी होते बघायला," त्या म्हणाल्या. "मी सांगते." आणि त्या सांगत राहिल्या. दादांचा दमा, भाताच्या आवणीतली ओढाताण, लेकीचं शहापूरला झालेलं लग्न. "लेकीकडं जाताना ते शेणव्याला उतरायचे. मी म्हणायची, इथं काय काम? तर तुमच्या शाळेसमोर चहा घ्यायचे. तुमची शिट्टी ऐकू आली का मग पुढची जीप पकडायचे."

"आत का नाय आला?"

"तुमी बोलावलं नाय."

अगदी हळू, सवयीनंच साडूंनी विचारलं, "असं किती वेळा झालं?"

"मोजलं नाय, भावोजी," वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर ते होते तोवर, शाळेला सुट्टी असली की वैशाखऱ्याला जायचे. परत आले की मी विचारायचो, काय झालं, कोण काय बोललं. एरवी ज्यांना प्रत्येकाचं सगळं सांगायचं असायचं, ते माझे साडू चप्पल काढत म्हणायचे, "काय नाय. बसलो होतो."