दम कशानं लागतो
मला दम कशानं लागतो हे गेवराईत आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. वाळूचे हायवा ट्रक धडधडत जातात, त्यांची धूळ आमच्या किराणा दुकानात येते आणि मला धुळीची ॲलर्जी आहे. हे आईनं ठरवलेलं. पोरीला ॲलर्जी असली तर स्थळ मोडत नाही, कणा वाकडा असला तर मोडतं. म्हणून शाळेपासून वाकत चाललेल्या माझ्या कण्याचं घराबाहेर नाव काढायचं नाही. बघायला पाहुणे यायचे असले की मला आधीच भिंतीला टेकवून बसवायचं आणि पोहे धाकट्या बहिणीनं आणायचे. सगळ्या जगात पोरगी पोहे घेऊन येते, आमच्याकडं पोहे पोरीकडं चालत यायचे!

लोकांपासून लपवलं, एक वेळ ठीक. पण डॉक्टरपासून? आमचे डॉक्टर आमच्याच समाजातले, त्यांच्या सासुरवाडीत माझ्यासाठी एक स्थळ होतं. त्यामुळं दवाखान्यात जाताना आई मला जाड ओढणी पाठीवर पसरून घ्यायला लावायची. डॉक्टर नळी छातीला लावायचे आणि पाठीकडं वळले की आई म्हणायची, "पाठ कामून बघता? धुळीचंच हाय तिला." आणि ते भले गृहस्थ भिडेखातर थांबायचे! मग दम्याचा पंप. वर्षानुवर्षं तो पंप ओढला, काडीचा फरक पडला नाही. दुकानाच्या माडीवर रिकाम्या हातानं चढले तरी अर्ध्या जिन्यात बसायची पाळी यायची. त्यावर घरचे म्हणणार, नीट जेवत नाही, म्हणून.

यंदा पायांवर सूज आली, आडवं झालं की जीव घाबरा व्हायला लागला. मी हट्टच धरला आणि आईला घेऊन बीडला गेले. तिथल्या डॉक्टरबाई आम्हाला ओळखत नव्हत्या, बरंच झालं. त्यांनी आधी ओढणी बाजूला ठेवायला लावली आणि पुढं वाकायला सांगितलं. पाठीची उजवी बाजू वर उचलून आली. "अहो, ही कसली ॲलर्जी!" त्या म्हणाल्या. एक्स-रे झाला, फुफ्फुसाची ताकद मोजायला नळीत फुंकून झालं, हृदयाची सोनोग्राफी झाली. मग त्यांनी समजावलं. कणा वळला की बरगड्या दाटतात, फुफ्फुसाला फुगायला जागा उरत नाही. अशा दबलेल्या फुफ्फुसात रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकते. माझी थकायला लागली होती. लहानपणीच आणलं असतं तर हे वाकणं बरंचसं आवरता आलं असतं. आता ऑपरेशन जोखमीचं, तरी मोठ्या दवाखान्यात लगेच दाखवा, उशीर करू नका.

लई संताप आला. इतका, की रडूसुद्धा येईना. एवढी वर्षं मी काय ओढत होते, आणि कशासाठी? न बघितलेल्या सासूसाठी!

मी आईकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी ही बाई माझ्याकडं बघेल. तिनं पदरानं तोंड पुसलं, आवाज खाली घेतला आणि डॉक्टरबाईंना विचारलं, "बाई, ऑपरेशनची खूण ब्लाउजच्या बाहेर दिसल का हो?"

डॉक्टरबाईंनी हातातला एक्स-रे टेबलावर ठेवला. मीच बोलले, "आई, ब्लाउज घालायला मी जित्ती राहीन का, ते इचार आधी."

तिचे ओठ हलले, पण तिला ते विचारवेना. मग डॉक्टरबाईंना मीच विचारलं.