न दुखणारा खांदा

धाकटीने थोरल्या जावेला पहिल्यांदा नीट पाहिलं ते घरच्या लाँड्रीत, लग्नानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात. चादरीवरून इस्त्री फिरवता फिरवता थोरली मध्येच थांबली, इस्त्री उभी केली आणि स्टुलावर जाऊन बसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "खांदा बोलला."

ही तिची रीतच होती. उजवा खांदा ठणकायला लागला की बसायचं, ठणका ओसरला की पुन्हा उभं राहायचं. गिऱ्हाईक कितीही घायकुतीला आलं तरी ती बधत नसे. बावीस वर्षं हात टिकला तो असा.

यंदा मात्र खांदा सकाळपासूनच बोलू लागला. डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या आणि पंधरा दिवस इस्त्रीला हात लावायचा नाही, असं बजावलं. दोन दिवसांत दुखणं पार गेलं. मग थोरली कसली ऐकते! धाकटी आडवी आली तर म्हणाली, "खांदा गप्प आहे, तू कशाला बडबडतेस?" हॉटेलातून आलेला चादरींचा डोंगर तिने आठवडाभर, एकदाही न बसता उपसला. धाकटी रोज आठवणीने पाणी आणि कॅप्सूल तिच्या हातात देत होती.

दहाव्या दिवशी थोरली केस विंचरायला गेली, तर हात छातीच्या वर येईना. फारसं दुखतही नव्हतं. आरशातल्या त्या लोंबत्या हाताकडे ती परक्याचा असावा तशी बघत राहिली.

तपासणीत दिसलं, स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी जवळजवळ तुटली होती. डॉक्टरांनी समजावलं. इजा झाली की शरीर तिथे एक रसायन बनवतं, त्याने नसा चेततात आणि दुखतं. या कॅप्सूलमधलं औषध पायराझोल जातीचं, माणसाने प्रयोगशाळेत घडवलेलं. ते औषध नसा चेतवणारं रसायन फारसं बनूच देत नाही. सूज उतरते, ठणका थांबतो. फाटलेलं मात्र त्याने सांधलं जात नाही. त्यासाठीच तर विश्रांती सांगितली होती.

थोरली पांढरीफटक पडली. म्हणाली, "म्हणजे तो ओरडतच होता, आणि मीच त्याचं तोंड दाबून धरलं?"

रोज पाण्याचा पेला पुढे करणारे स्वतःचे हात धाकटीने पदराखाली घेतले.

ऑपरेशन झालं. आता इस्त्री धाकटी करते. थोरली काउंटरवर बसून डाव्या हाताने कपड्यांना चिठ्ठ्या लावते. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.