पायघडीचा रंग

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. अक्काला सांगितली नाही, आणि ती गेली तेव्हा तिच्या उशाशी बसूनही सांगितली नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा हिच्यावरून उडी मारून पुढच्या मागणीकडे जातो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर — खरं सांगू? — तुम्हालाही सांगितली नसती.

मी भडगावजवळचा, गिरणेकाठचा. घरी कापूस, थोडी केळी. गावात मॅट्रिक झालेला मी पहिला, आणि त्याचा मला केवढा तोरा! अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते मला बघूनच म्हणत असावेत. त्यामुळे स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत आमच्या भागातल्या कापसावर विमानातून औषध फवारायचं ठरलं, आणि गावाबाहेरचं गायरान विमान उतरायला पक्कं झालं, तेव्हा मैदान सांभाळणारा माणूस म्हणून माझंच नाव पुढे आलं. पुढे आलं म्हणजे मीच केलं. खोटं कशाला बोलू — निदान इथे तरी?

वैमानिक होते कर्णिक म्हणून. माझ्याहून थोडे मोठे, हसरे, बोलताना दोन्ही हातांनी विमान करून दाखवायचे. विमान आणायच्या आधी ते मोटारीनं येऊन मैदान बघून गेले. सगळ्या गायरानावरून माझ्याबरोबर चालले, बिळं बुजवून घेतली, आणि मग विमान ज्या बाजूनं येणार त्या टोकाच्या बाभळीखाली बसवून त्यांनी मला उतरायचे नियम शिकवले.

त्यातला एक नियम ऐकून मला हसू आलं होतं. ते म्हणाले, पावसाळी ओल्या हवेत इंजिनाचा वेग कमी केला, की हवा ज्या नळीतून आत जाते तिथे बर्फ धरतो. बर्फ! आमच्या खानदेशात! मी गावात येऊन पारावर हे सांगितलं तर म्हातारे पोट धरून हसले. "आठे उन्हायामा घोटभर थंड पानी भेटत नही, आन याना इंजनमा बरफ व्हस!" कितीतरी दिवस तो गावाचा विनोद होता. पण कर्णिक हसले नव्हते. बर्फ धरू नये म्हणून उतरताना ते एक कळ ओढून गरम हवा आत सोडत. मात्र गरम हवेनं इंजिनाचा जोर कमी पडतो. म्हणून नियम असा — गरम हवा चालू ठेवून खाली यायला घेतलं की उतरायचंच. पुन्हा वर जायची वेळ आलीच, तर कळ आधी आत ढकलावी लागते, मग इंजिन जोर धरतं, आणि तेवढा वेळ हाताशी असावा लागतो.

आणि तो वेळ मी द्यायचा होता.

मैदानावर पांढरं कापड म्हणजे या. लाल म्हणजे येऊ नका. गाय शिरली, माणूस शिरला, काहीही झालं तर मी लाल दाखवायचं — पण विमान बाभळीच्या पलीकडे आहे तोवरच. एकदा बाभूळ ओलांडून ते अलीकडे आलं, की लाल काही केल्या दिसता कामा नये. "बाभळीच्या अलीकडे लाल दिसलं तर मी वर उचलणार," ते म्हणाले होते, "आणि वर जायला माझ्याकडे जोर नसणार." माझ्याकडून त्यांनी ते वदवून घेतलं. मी घडाघडा म्हणून दाखवलं. पाठांतरात मी कधीच कमी नव्हतो.

आता अक्काचं सांगायला हवं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि गावातल्या सगळ्या बायांची पुढारी. विमान येणार म्हटल्यावर तिनं मला धारेवर धरलं. "गावमा पहिल्यांदा इमान येई ऱ्हायनं, आन पाव्हनाले पायघडी नही? हाई कोनतं शास्तर शे भाऊ?" मला ते पटलं. पटलं कसलं, गोड वाटलं. एवढा मोठा माणूस आकाशातून उतरेल, सगळं गाव बघत असेल, आणि त्याचं पहिलं पाऊल आमच्या घरच्या पायघडीवर पडेल! अक्कानं पेटीतून स्वतःच्या लग्नातलं लुगडं काढलं. तिनं ते परत कधी नेसायचं नव्हतं. ओवाळणं तिच्या हातून होणार नव्हतं, ते दुसऱ्या बाया करणार होत्या. पण पायघडी माझी, एवढंच ती म्हणाली.

लुगडं लाल होतं. लग्नातलं लुगडं दुसऱ्या कुठल्या रंगाचं असतं?

तुम्ही म्हणाल, तुला तेव्हाच कळलं नाही? हाच प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की त्याच्या कडा झिजल्या. नाही कळलं. माझ्या डोक्यात नियमातलं लाल कापड म्हणजे काठीला लावलेली ती झेंडी, जी माझ्या हातात होती. अक्काचं लुगडं म्हणजे पायघडी. ते कापड आहे, ते लाल आहे, हे डोळ्यांना दिसत होतं आणि डोक्यात शिरत नव्हतं. पाठ करणारी माणसं अशीच असतात. पण थांबा — मी पळवाट काढतोय. न कळणं हा माझा गुन्हा नाहीच. गुन्हा पुढे आहे.

त्या दिवशी सकाळी आभाळ भरलेलं होतं, पाऊस नव्हता, हवा अशी दमट की सदरा पाठीला चिकटलेला. सगळं गाव गायरानाच्या कडेला. विमान आलं, वरून एक फेरी मारली. मी पांढरं कापड पसरलेलं, मैदान स्वच्छ. विमान दूर जाऊन उतरण्यासाठी वळलं, आणि तेव्हा — मीच — मीच अक्काला हात केला. पसर म्हणून. विमान थांबेल तेव्हा सगळं तयार हवं ना! बाया हसत धावल्या, आणि मैदानाच्या त्या टोकाला, विमान थांबणार होतं तिथे, त्यांनी लुगडं दोन्ही बाजूंनी धरून झटकलं आणि जमिनीवर अंथरलं.

ते झटकलं ना, तेव्हा कळलं. हिरव्या गवतावर ते एवढं मोठं लाल.

आणि वेळ होता! हे मला कधीच विसरता आलं नाही. विमान अजून बाभळीच्या पलीकडे होतं. माझ्या हातात झेंडी होती. ती दाखवली असती तर ते वेळेत वर गेले असते, परत फिरून आले असते. किंवा नुसता ओरडलो असतो तरी बायांनी लुगडं ओढून घेतलं असतं. पण मी आजूबाजूला पाहिलं. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. अक्काची पायघडी चारचौघांत मी उचलायला लावू? ज्याला एवढं कळतं त्याचंच चुकलं, असं पारावर म्हणू देऊ? मनात म्हटलं, लुगडं पार त्या टोकाला आहे, कर्णिक तोवर टेकलेले असतील, त्यांना दिसणारही नाही. असं म्हटलं आणि उभा राहिलो. हातपाय धड असलेला माणूस, नुसता उभा.

विमान बाभळीवरून आलं, अगदी खाली आलं, आणि एकदम त्याचं नाक वर झालं. इंजिन गरजलं नाही. खोकलं. म्हातारा खोकतो तसं खोकलं, आणि विमान डाव्या अंगाला कलंडून नाल्यापलीकडच्या कापसात गेलं. आवाज झाला तो मला आठवत नाही. आवाजानंतरची शांतता आठवते.

आता ऐका. सगळं गाव विमानाकडे धावलं. मी कुठे धावलो असेन?

मी लुगड्याकडे धावलो.

ठरवून नाही. माझे पाय गेले. आत माणूस जिवंत आहे की मेला हे ठाऊक नसताना माझे पाय आधी त्या लाल कापडाकडे गेले, हातांनी ते गोळा केलं, बोळा करून अक्काच्या पोटाशी दाबलं, आणि तोंडातून निघालं, घरी ने. माझ्यात असा माणूस राहत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता! अक्काला वाटलं, गर्दीत लुगडं फाटेल म्हणून मी जपतोय. "मन्हा लुगडानी काय काळजी करस रे," ती ओरडली, "त्या मानूसले दख आधी!"

कर्णिक जिवंत होते. पाय गुडघ्याखाली मोडला होता. बैलगाडीतून भडगाव, तिथून मोटारीनं जळगाव. गाडीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि ते एकच विचारत होते, लाल का दाखवलं? मी म्हणालो, बोलू नका, त्रास होईल.

चौकशीला मुंबईहून साहेब आले. जळगावच्या डाकबंगल्यात त्यांनी मला समोर बसवलं. विमानातली गरम हवेची कळ ओढलेलीच सापडली होती. म्हणजे कर्णिकांनी कळ आत न ढकलता विमान वर उचललं, नियम मोडला. का मोडला? ते म्हणत होते, लाल दिसलं म्हणून. साहेबांनी मला विचारलं, बाभळीच्या अलीकडे लाल काही होतं का?

मी म्हणालो, नव्हतं. झेंडी माझ्या हातात गुंडाळलेली होती, मी ती दाखवली नाही.

बघा किती सफाईदार! दुसरं वाक्य तर अक्षरशः खरं होतं. त्या खऱ्याच्या आड मी खोटं उभं केलं आणि साहेबांनी मान डोलावली. गावाला त्यांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कुठल्याही बाईनं पायघडीचं सांगितलं असतं, तेही अभिमानानं. गावानं काहीच लपवलं नव्हतं. त्या लालाचा अर्थ गावात मला एकट्याला ठाऊक होता, म्हणून खोटं बोलणं मला एकट्यालाच शक्य होतं. एवढ्यासाठी शिकलो होतो मी.

ठरलं असं की वैमानिकाला भास झाला. कर्णिकांचा परवाना गेला. मी दवाखान्यात केळीचा घड घेऊन गेलो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी घड खाटेखाली ठेवून आलो.

नंतर काही वर्षांनी धुळ्याला काही कामानं गेलो होतो. आग्रा रोडवर पंप-इंजिनांच्या दुकानातून कोणीतरी हाक मारली. कर्णिक! हातात काठी, केस पिकलेले, हसू तेच. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की मला पळून जावंसं वाटलं. समोरच्या हॉटेलात नेऊन त्यांनी चहा पाजला. पायाबद्दल बोलले नाहीत. डोळ्यांबद्दल बोलले. मुंबईला दाखवले, पुण्याला दाखवले, सगळे डॉक्टर म्हणतात डोळे उत्तम आहेत. "पण मला तर तिथे लाल दिसलं होतं. स्पष्ट. एवढं मोठं. म्हणजे बिघाड डोळ्यांत नाही, आणखी आत आहे." सायकल अजून चालवतात, तरी धाकट्या मुलीला पुढे बसवत नाहीत म्हणे. रस्त्यात नसलेलं काही दिसलं तर? पोर रडते, पण नाहीच बसवत.

मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "तुम्ही तिथे खाली उभे होतात. खरंच काही नव्हतं ना?"

माणसाला स्वतःला वाचवायची संधी किती वेळा मिळते? मला तर देवानं पुन्हा एकदा बाभळीच्या पलीकडचा तो वेळ दिला होता. आता गाव बघत नव्हतं. साहेब नव्हते. नोकरी, अब्रू, कशालाच धक्का लागणार नव्हता. एक शब्द बोललो असतो तर त्या माणसाला त्याचे डोळे परत मिळाले असते.

मी म्हणालो, "नाही हो. काहीच नव्हतं."

त्यांनी मान हलवली. राग नाही, काही नाही. उलट माझ्या हातावर थोपटलं, मला बरं वाटावं म्हणून.

बाहेर आलो. त्यांना समोर दुकानात कामावर परत जायचं होतं. आग्रा रोडला मालमोटारींची ही गर्दी. त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "जरा तुम्हीच बघा हो. रस्ता मोकळा आहे ना?"

मी दोन्हीकडे पाहिलं. रस्ता खरंच मोकळा झाल्यावर मोकळा आहे म्हणालो. आणि कर्णिकांनी इकडे-तिकडे न बघता पाऊल पुढे टाकलं.