कुकुडकोंबा बोलला की पाणी चढतं

कोलशेतच्या माणसांनो, आम्ही निघालो त्या सकाळी तुम्ही टेम्पोभोवती उभे होता. खाडीत काही गावत नव्हतं आणि मला डोंबिवलीत, मानपाड्याच्या रंगाच्या कंपनीत काम लागलेलं. माझी बायको हिरू चढेचना. खाडीकाठच्या तिवराच्या झाडीत कुकुडकोंबा घुमत होता, घूप घूप घूप. शिकलेले त्याला भारद्वाज म्हणतात. काळं अंग, विटकरी पंख, लाल डोळे.

"तिकडं भरती कशी कळंल हो?"

"तिथं पाणी नळाला येतं, चढ गो," मी म्हटलं. तुम्ही सगळे हसलेले.

हसायला नको होतं. ओहोटीला हिरू चिखलात खुबे-शिंपल्या वेचायची. हा पक्षी उडतो कमी, चालतो जास्त. चिखलाच्या कडेनं खेकडी टिपत फिरायचा. पाणी चढायला लागलं की तिवरात शिरून घुमायचा, आतून जोडीदार उत्तर द्यायचा. ते ऐकलं की हिरू बायकांना हाक मारून वर काढायची. आमची कुंदा सहा वर्षांची असताना मांडीपर्यंत रुतलेली. कुकुडकोंबा बोलला म्हणून हिरूनं मागं वळून पाहिलं. नाहीतर पोरगी गेलीच होती.

डोंबिवलीत नळ होता, लाइट होती, टीव्हीही घेतला. मी सुखात होतो, खोटं कशाला सांगू. मग कुंदाचं लग्न झालं, आणि पुढं दोन-तीन वर्षांत हिरूचं डोकं फिरत गेलं. आधी चहात मीठ. मग मलाच विचारायची, तुम्ही कुणाचे?

चाळीमागं कंपनीचा नाला, काठाला झुडपं. तिथं एक कुकुडकोंबा आलेला. एका सकाळी तो घुमला आणि हिरू ताडकन उठली. "कुंदा चिखलात हाय! भरती लागली!"

मी ओरडलो, "अगं, कुंदा विठ्ठलवाडीला आहे, दोन पोरांची आई आहे! खाडी नाय इथं!"

ती माझ्याकडं अशी बघत होती की मीच पोरीला बुडवतोय. तिच्या तोंडावर मारायला पाणी घ्यायला मी वळलो, तेवढ्यात ती गेली. नाल्यात सापडली. गुडघ्यापर्यंत लाल पाण्यात, दोन्ही हातांनी गाळ उपसत. मी तिला ओढून काठावर आणली. त्या दिवसापासून मी त्या पक्ष्याला जाम घाबरायचो. कामावरही कान तिकडंच. दगड मारून हाकलला, तरी परत यायचा.

शेवटी मी भांडणं सोडली. तो घुमला की मी तिचा हात धरायचो. "चल, काढू कुंदाला." जिन्याच्या पायऱ्या चढायचो. वर पोचलो की सांगायचो, "आली बघ, काठावर आहे." मग ती बसायची. तिचा जीव भांड्यात पडायचा, माझा नाही.

एका सकाळी तो घुमला आणि ती उठली नाही. मी म्हटलं, "हिरू, भरती." दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायची हिंमत झाली नाही.

तुम्ही निरोप धाडता, आता एकटा कशाला राहतोस, घरी ये. पण कोलशेतला मला वर काढणारं कोण आहे? आता तो घुमला की मी पाय खाटेवर घेतो. नळाचंच पाणी आहे, कळतं मला. तरी घेतो. मागच्या रविवारी कुंदा आलेली. तिनं विचारलं, "बाबा, पाय का वर?"

"पाणी चढतंय," मी म्हटलं.

ती हसली नाही. चपला काढून खाटेवर माझ्या शेजारी बसली आणि तिनंही पाय वर घेतले.